तळ्याचं वय आणि प्रबंधाची मुदत

कॅनडात, ओंटारिओ प्रांताच्या वायव्येकडच्या जंगलात एक लहानसं तळं आहे. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे: २२७. १९६९ पासून दर उन्हाळ्यात या तळ्यात मुद्दाम, मोजूनमापून फॉस्फरस, म्हणजे शैवालाला खत ठरणारं द्रव्य, टाकला जातो आणि पुढे काय होतं ते आठवड्यामागून आठवडे टिपलं जातं. पाणी किती हिरवं झालं, कोणतं शैवाल वाढलं, तळाशी ऑक्सिजन किती उरला. सुरुवातीला फॉस्फरसबरोबर नायट्रोजनही टाकत. १९७५ पासून तो कमी केला आणि १९९० पासून बंदच केला. तळं तरीही हिरवंच राहिलं. नुसता नायट्रोजन आवरून तळी स्वच्छ होतात का, यावर सरोवरशास्त्रज्ञ आजही भांडतात आणि भांडताना दोन्ही बाजूंना या तळ्याचा हवाला द्यावाच लागतो.

अर्धशतकाहून जास्त चाललेला हा प्रयोग कुणा एकाचा नाही. सरोवरशास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलं, ते योग्यच आहे. पण होडी घेऊन तळ्याच्या मध्यावर जाणाऱ्या, बाटल्या भरणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत पाणी गाळत बसणाऱ्या हातांत विद्यार्थ्यांचे हात फार मोठ्या संख्येने होते. कुणी दोन उन्हाळे आले, कुणी चार. प्रबंध लिहून झाला की ते गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. गोड्या पाण्याच्या कुठल्याही मोठ्या संशोधन संस्थेत गेलात तर हेच चित्र दिसेल. प्रश्न पन्नास वर्षांचे असतात आणि ते हाताळणारी माणसं चार-पाच वर्षांच्या मुदतीवर आलेली असतात.

माझी तक्रार या मुदतीबद्दल नाही. विद्यार्थ्याने कधीतरी बाहेर पडलंच पाहिजे. तक्रार अशी आहे की संस्थेला पैसा देताना, तिचं मूल्यमापन करताना आणि तिच्यातल्या विद्यार्थ्याला पदवी देतानाही आपण हीच मुदत माप म्हणून वापरतो. प्रकल्प तीन वर्षांचा, अहवाल तीन वर्षांचा, शोधनिबंध त्याच तीन वर्षांत. तळं या मापात बसत नाही. मग हळूहळू असं होतं, की मापात बसणारे प्रश्न तेवढे विचारले जातात आणि बाकीचे कुणी विचारतच नाही. मला हे विज्ञानाचं आणि त्याहून जास्त समाजाचं नुकसान वाटतं. कारण नदी-तलावांचे जे प्रश्न माणसांच्या घशाशी येतात, ते जवळजवळ सगळे या दुसऱ्या प्रकारचे असतात.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग नद्या-तलावांनी व्यापलेला नाही. तरी ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे दहावा हिस्सा तिथे राहतो आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश. २०२५ च्या सुरुवातीला गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या, खेकडे-झिंगे अशा साडेतेवीस हजार जातींचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. त्याआधी २०२१ मध्ये समशीतोष्ण प्रदेशातल्या ३९३ तलावांच्या जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा १९८० पासून पृष्ठभागाजवळचा विरघळलेला ऑक्सिजन साडेपाच टक्क्यांनी आणि खोल पाण्यातला साडेअठरा टक्क्यांहून जास्त घटल्याचं दिसलं. ही दुसरी गोष्ट आपल्याला कळली कशी? १९८० साली आणि त्याच्याही आधी कुणीतरी होडी काढून, दोर सोडून, खोलीखोलीवरचा ऑक्सिजन मोजून वहीत लिहून ठेवला होता म्हणून. त्या वेळी त्या आकड्यांतून कसलाही शोध निघाला नव्हता.

विद्यार्थी या सगळ्यात नुसता हरकाम्या असतो, असं कुणाला वाटू नये म्हणून रेमंड लिंडेमन यांची हकिकत सांगायला हवी. मिनेसोटा विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी सीडर बॉग लेक या गाळाने भरत चाललेल्या उथळ तळ्यावर पाच वर्षं काढली. पत्नी एलेनॉर यांनी त्या कामात त्यांना साथ दिली. तळ्यातली शैवालं, पाणवनस्पती, किडे, मासे, गाळातले जीव, सगळ्यांची गणना केली. १९४१ मध्ये पदवी मिळाल्यावर ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले आणि या गणनेतून एक मांडणी उभी राहिली. सूर्याची ऊर्जा वनस्पतींत येते, तिथून त्या खाणाऱ्यांत, तिथून त्यांना खाणाऱ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर ती घटत जाते. आज शाळेच्या पुस्तकात ऊर्जेचा जो मनोरा काढलेला असतो त्याचा पाया इथे आहे.

ही मांडणी करणारा त्यांचा निबंध नियतकालिकाच्या दोन परीक्षकांनी आधी नाकारायला सांगितला होता. दोघेही त्या काळचे नाणावलेले सरोवरशास्त्रज्ञ होते आणि एका तळ्यावरून एवढं मोठं विधान करणं त्यांना घाईचं वाटलं. हचिन्सन यांनी बाजू लावून धरली, संपादकांनी धाडस केलं आणि निबंध १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आला. लिंडेमन त्याआधीच, जूनमध्ये, दीर्घ आजाराने गेले होते. वय २७. या हकिकतीकडे लोक बहुधा प्रतिभा आणि प्रस्थापित यांच्या झगड्याची गोष्ट म्हणून पाहतात. मला त्यातली पाच वर्षं महत्त्वाची वाटतात. एकाच तळ्यावर, सगळ्या ऋतूंत, लहानातल्या लहान जिवापासून माशापर्यंत मोजत बसण्याची मुभा त्या विद्यार्थ्याला मिळाली. ते मोजणं झालं नसतं तर सिद्धान्ताला धरायला काही नव्हतं. आजच्या एखाद्या संस्थेत असा विद्यार्थी आला आणि म्हणाला, मला या तळ्यातलं सगळंच मोजायचं आहे, तर निवड समितीतलं पहिलं वाक्य काय असेल? गृहीतक काय आहे, असं विचारतील. दुसरं वाक्य, तीन वर्षांत संपेल का.

तीन वर्षांत न संपणाऱ्या गोष्टीचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मेंडोटा सरोवराचं आहे. मॅडिसन शहराला लागून असलेलं हे सरोवर जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या सरोवरांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे एडवर्ड बर्ज आणि पुढे चान्सी ज्यूडे यांनी सरोवरविज्ञानाची एक अख्खी परंपरा उभी केली. (हे ज्यूडे म्हणजे लिंडेमन यांचा निबंध नाकारायला सांगणाऱ्या दोघांपैकी एक. माणसं एकाच वेळी विज्ञान वाढवतातही आणि अडवतातही.) १९८१ पासून तिथल्या विद्यापीठाने राज्यातल्या सरोवरांची दीर्घकालीन निरीक्षणं पद्धतशीर चालवली आहेत.

या सरोवरात २००९ साली विद्यार्थ्यांचा एक वर्ग नेहमीच्या सहलीवर गेला. जाळं टाकणं, वर काढणं, भिंगाखाली बघणं, एवढाच त्या दिवसाचा अभ्यास. जाळ्यात एक लांब काटेरी शेपटीचा, जेमतेम एक सेंटिमीटरचा प्राणी आला. तो युरोप-आशियातला, जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत शिरलेला. मेंडोटात तो असल्याचं तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. तो खातो डॅफ्नियाला. डॅफ्निया हा पाण्यातल्या पिसूसारखा दिसणारा जीव शैवाल गाळून खातो आणि सरोवराचं पाणी नितळ ठेवतो. पाहुणा वाढला, डॅफ्निया घटला, शैवालाला मोकळं रान मिळालं आणि पाण्याची पारदर्शकता जवळजवळ मीटरभराने कमी झाली.

पुढचं काम एका पीएचडी विद्यार्थ्याने हाती घेतलं. ही पारदर्शकता परत मिळवायची तर सरोवरात येणारा फॉस्फरस किती कमी करावा लागेल, याचं गणित त्याने आणि त्याच्या मार्गदर्शकांनी मांडलं. उत्तर आलं ७१ टक्के. त्याचा खर्च ८.६५ कोटी ते १६.३ कोटी डॉलर. हे गणित करता आलं, कारण पाहुणा येण्यापूर्वीची कित्येक वर्षांची पारदर्शकता, फॉस्फरस आणि डॅफ्निया यांच्या नोंदी तयार होत्या. त्या नोंदींशिवाय त्याला एवढंच म्हणता आलं असतं की पाणी गढूळ दिसतं आहे. मग त्याच विद्यार्थ्याने तळाच्या गाळाचे गाभे, म्हणजे थर न मोडता काढलेले उभे नमुने, घेऊन त्यांत या प्राण्याच्या शेपटीचे काटे शोधले, आणि कळलं की हा प्राणी २००९ मध्ये आलेलाच नव्हता. किमान दशकभर तो अगदी तुरळक संख्येने तिथे होता. अनुकूल हवामानाचं एक वर्ष मिळालं आणि तो उसळला.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. जगातल्या सगळ्यात जास्त पाहिल्या गेलेल्या सरोवरात, नियमित नमुने घेतले जात असताना, एक परका प्राणी दहा वर्षं नजरेतून सुटला. मग ज्या हजारो तलावांवर पंधरवड्यातून एकदाही कुणी जात नाही, तिथे या क्षणी काय वाढत असेल याचा अंदाज कशाच्या बळावर करायचा? मेंडोटाच्याच परंपरेतले जॉन मॅग्नसन यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की संथपणे होणारे बदल आपल्या डोळ्यांदेखत होत असूनही वर्तमानात दडून राहतात. दीर्घ नोंदींत मागे वळून पाहिलं तरच ते दिसू लागतात. मॅडिसनमध्ये मेंडोटा कधी गोठलं आणि कधी वितळलं हे १८५० च्या दशकापासून लिहून ठेवलेलं आहे. कुठल्याही एका हिवाळ्याकडे पाहिलं तर काहीच कळत नाही. सगळे मिळून पाहिले की बर्फाचा काळ जवळपास महिन्याने आखडला आहे हे स्पष्ट दिसतं.

आता विद्यार्थ्याच्या रोजच्या कामाकडे वळतो, कारण धोरण आखणाऱ्यांना ते बहुधा माहीत नसतं. पारदर्शकता मोजायला दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतात. तबकडी सोडण्याची युक्ती अँजेलो सेक्की यांची, १८६५ सालची. विरघळलेल्या ऑक्सिजनची खात्रीची मोजणी अजूनही लुडविग विंकलर यांच्या १८८८ च्या रासायनिक पद्धतीने पडताळून घेतात. मग पाणी गाळायचं, गाळणकागद गोठवायचे, हरितद्रव्य काढायचं. आणि मग खरं चिकाटीचं काम: सूक्ष्मदर्शकाखाली शैवालं आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) ओळखून मोजणं. एका नमुन्याला अर्धा दिवस सहज जातो. डोळा तयार व्हायला एक-दोन वर्षं लागतात. म्हणजे विद्यार्थी तरबेज होतो आणि त्याची शिष्यवृत्ती संपत आलेली असते. त्याच्या जागी नवा येतो, तो काही जाती वेगळ्या ओळखतो, आणि दीर्घ नोंदीत एक उडी दिसते. तळ्यात काही बदललं म्हणून ती उडी आली की मोजणारा बदलला म्हणून, हे सोडवण्यात मग तिसऱ्याच कुणाचा वेळ जातो. शैवालांच्या जुन्या नोंदींवर काम केलेल्या कुणालाही विचारा, हे दुखणं सगळीकडे आहे.

विद्यापीठाच्या वेळापत्रकाने ज्ञानाला कसा आकार दिला आहे हे पाहायचं असेल तर हिवाळ्याचा अभ्यास बघावा. थंड प्रदेशातल्या तलावांवर संशोधन झालं ते मुख्यतः उन्हाळ्यात. त्याला बर्फावर काम करणं अवघड आणि धोक्याचं, हे कारण आहेच. पण उन्हाळ्यात वर्ग नसतात, विद्यार्थी मोकळे असतात, हेही तितकंच खरं आहे. बर्फाखाली सगळं निजलेलं असतं, असा समज त्यामुळे कित्येक दशकं टिकून राहिला. प्रत्यक्षात बर्फाखाली शैवाल वाढतं, प्लवक जगतं आणि त्याचा पुढच्या उन्हाळ्यावर परिणाम होतो. हे गेल्या काही वर्षांत नीट तपासलं जाऊ लागलं, आणि तेही नेमकं अशा वेळी, जेव्हा पुष्कळ तलावांवरचा बर्फच विरळ होत चालला आहे. जपानमधल्या सुवा सरोवराच्या गोठण्याची नोंद तिथल्या मंदिराच्या पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली. त्यांना कुठला प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागला नव्हता.

थोडक्या मुदतीचं निरीक्षण नुसतं अपुरं नसतं, ते दिशाभूलही करू शकतं. क्रमांक २२७ च्याच शेजारच्या २२३ क्रमांकाच्या तळ्यात शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून आठ वर्षं थोडं थोडं आम्ल मिसळलं आणि पाण्याचा सामू ६.८ वरून ५ पर्यंत आणला. आम्लवर्षा तळ्यांचं काय करते, हा प्रश्न होता. पहिल्या काही वर्षांत ट्राउट मासे ठणठणीत होते. पण सामू सहाच्या खाली उतरला तसे ट्राउट ज्यांच्यावर जगत ते बारके मासे आणि झिंग्यासारखे प्राणी नाहीसे झाले, आणि शेवटी ट्राउट नुसते हाडांचे सापळे उरले, त्यांना पिल्लं होईनात. आता कल्पना करा, या प्रयोगाच्या पहिल्या तीन वर्षांवर कुणी प्रबंध लिहिला असता, विषय ठेवला असता ट्राउटची संख्या. निष्कर्ष प्रामाणिक असता, आकडे अचूक असते, पदवीही मिळाली असती. आणि आम्लवर्षेने ट्राउटला फारसा धोका नाही, असं एखाद्या उद्योगाने त्या प्रबंधाच्या आधारे छातीठोकपणे सांगितलं असतं.

एवढं सगळं मिळत असताना संस्थांचं काय होतं? ऑस्ट्रियातल्या लुन्झ इथलं जैविक केंद्र १९०५ चं. ते २००३ मध्ये बंद पडलं आणि दोन वर्षांनी वेगळ्या रूपात पुन्हा उभं करावं लागलं. जर्मनीत प्लॉन इथे १८९१ पासून सरोवरांचा अभ्यास चालत होता. ऑगस्ट थिनेमन यांनी तिथूनच या विज्ञानाला जागतिक संघटना मिळवून दिली. तिथली सरोवरविज्ञानाची संस्था २००७ मध्ये उत्क्रांतीच्या जीवशास्त्राकडे वळवण्यात आली. उत्क्रांतीचा अभ्यास हवाच, पण एका शतकाचा धागा त्यापायी तोडायला नको होता. आणि ज्या प्रायोगिक तलावक्षेत्रात २२७ आणि २२३ ही तळी आहेत, त्या ५८ तलावांच्या केंद्राचा निधी बंद करत असल्याचं कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१२ मध्ये जाहीर केलं. वर्षाचा खर्च होता सुमारे २० लाख कॅनेडियन डॉलर. शास्त्रज्ञ, विद्यार्थी आणि सामान्य नागरिक यांनी रान उठवलं, म्हणून २०१४ मध्ये ओंटारिओ आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या मदतीने एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतलं. मेंडोटातल्या एका प्राण्याच्या दुरुस्तीचा किमान खर्च शेजारी ठेवून पाहा: तेवढ्या रकमेत असं केंद्र चाळीस वर्षं चाललं असतं.

यावर विचारी माणसंही जे आक्षेप घेतात ते हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की आता सेन्सर आहेत, उपग्रह आहेत, पाण्यातल्या डीएनएवरून जाती ओळखता येतात. मग माणसांनी बाटल्या कशाला भरायच्या? सेन्सरमुळे काम पुष्कळ पुढे गेलं आहे, हे मी मान्य करतो. वादळाच्या रात्री तळ्यात काय झालं हे आज कळतं, पूर्वी कळत नसे. पण सेन्सरवर शेवाळ चढतं, त्याचा आकडा हळूहळू सरकतो, आणि तो सरकला हे कळायला हाताने घेतलेला नमुनाच लागतो. उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, बर्फाखालचं आणि तळाशी असलेलं दिसत नाही. आणि डीएनएची जुळणी ज्या संदर्भसंग्रहाशी करायची तो संग्रह कुणीतरी प्रत्यक्ष प्राणी पकडून, ओळखून, नाव लावूनच बनवलेला असतो. किड्यांच्या अळ्या आणि शैवालं डोळ्याने ओळखणारे जाणकार निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याकडून शिकायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्याबद्दल एकही गुण मिळत नाही. जे यंत्रांवर भिस्त ठेवायला सांगतात त्यांनीच खरं तर या विद्येची सगळ्यात जास्त काळजी केली पाहिजे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या बाजूने येतो आणि तो मला अधिक जड वाटतो. पीएचडी म्हणजे स्वतःचा विचार. दुसऱ्याने सुरू केलेल्या नोंदी चालवण्यात तरुण वर्षं घालवली तर त्याच्या हाती काय राहील? संस्थेला स्वस्तात नमुने गोळा करणारे हात मिळतील, एवढंच. असं घडतं, हे खरं आहे. विद्यार्थ्यांच्या श्रमावर नोंदी चालवायच्या आणि शोधनिबंधावर नाव मात्र प्राध्यापकाचं, हा अन्याय अनेकांनी सोसला आहे. माझं म्हणणं म्हणूनच नोंदी विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारण्याच्या उलट आहे. नोंद चालवण्याची जबाबदारी संस्थेची, कायमच्या पगारी तंत्रज्ञांची असली पाहिजे. विद्यार्थ्याने त्यांच्याबरोबर होडीवर जावं, हात बसवावा, नोंदीतली गोम ओळखायला शिकावं आणि मग त्या नोंदीला स्वतःचा प्रश्न विचारावा. मेंडोटात हेच झालं. त्या विद्यार्थ्याने तीस वर्षांच्या नोंदी स्वतः गोळा केल्या नव्हत्या, पण त्या नसत्या तर त्याचा विचार स्वतंत्र होऊनही पांगळा राहिला असता.

सरकारने आणि निधी देणाऱ्यांनी करायची गोष्ट एकच आहे, आणि ती महागडी नाही. संस्थेच्या मूळ नोंदींचा खर्च स्पर्धेच्या प्रकल्पांतून बाहेर काढावा. वाचनालयाला किंवा वेधशाळेला जसा दरवर्षी निधी मिळतो तसा तो मिळावा. त्यातून तंत्रज्ञ, होडी, रसायनं आणि नोंदी जपणारा एक माणूस एवढं चालावं. नव्या कल्पनांसाठी स्पर्धा जरूर असू द्या, तिथे ती उपयोगाची आहे. पण दर तीन वर्षांनी एखाद्या नोंदीला तुझी गरज काय ते सिद्ध कर असं सांगणं म्हणजे तिला कधीतरी एका वाईट वर्षी तोडणं. आणि दीर्घ नोंद एकदा तुटली की गेलेली वर्षं पैशाने परत मिळत नाहीत.

रशियातल्या बैकल सरोवरावर मिखाईल कोझोव यांनी १९४५ मध्ये दर आठवडा-दहा दिवसांनी नमुने घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर त्यांची मुलगी ओल्गा कोझोवा आणि मग नात ल्युबोव इझ्मेस्तेवा यांनी ते चालू ठेवलं. हिवाळ्यात बर्फावरून जाऊन, राजवटी बदलल्या, पैसा आटला तरीही. त्या नोंदींमुळे २००८ मध्ये जगाला कळलं की एवढ्या प्रचंड, थंड सरोवराचा पृष्ठभागही १९४६ पासून सुमारे १.२ अंशांनी तापला आहे. या कुटुंबापुढे मी नतमस्तक आहे. पण जगातल्या सगळ्या सरोवरांत गोड्या पाण्याचा सर्वात मोठा साठा असलेल्या सरोवराची देखरेख एका घराच्या निष्ठेवर सोपवून बाकीच्यांनी निवांत राहावं, हे कुठल्याही समाजाला शोभत नाही.

संस्थांनी स्वतः करायच्या गोष्टी मात्र पुष्कळ आहेत आणि त्यांसाठी निधीची वाट पाहण्याचं कारण नाही. आडरानातल्या केंद्रांवर विद्यार्थी, विशेषतः मुली, सुरक्षित असतात का, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नाही. मानववंशशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंतच्या क्षेत्रीय कामांतल्या ६६६ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६४ टक्क्यांनी लैंगिक शेरेबाजी किंवा छळ सोसल्याचं सांगितलं आणि पाचातल्या एकाहून जास्त जणांनी अंगाला हात लावला गेल्याचं. ज्याच्या हातात होडीची किल्ली, प्रबंधाची सही आणि शिफारसपत्र हे तिन्ही आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला विद्यार्थी कुणाकडे जाणार? प्रत्येक केंद्रावर मार्गदर्शकाच्या साखळीबाहेरचा एक माणूस तक्रारीसाठी हवा आणि एकट्याने पाण्यावर जाण्याची मनाई हवी. होडीवरचे, बर्फावरचे दिवस शिष्यवृत्तीच्या तासांत मोजले गेले पाहिजेत. आज ते उत्साह म्हणून मोजले जातात, आणि ज्याला घरून पैशाचा आधार आहे त्यालाच तो उत्साह परवडतो.

राहिला प्रबंधाचा नियम. माझी सूचना अशी आहे: संस्थेच्या दीर्घ नोंदीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात एक प्रकरण त्या नोंदीचंच असावं. त्याच्या काळात मोजण्याच्या पद्धतीत काय बदललं, जुन्या आणि नव्या मोजणाऱ्यांच्या आकड्यांत किती फरक पडतो हे त्याने एकाच नमुन्यावर कसं तपासलं, कुठले नमुने चुकले आणि का, पुढच्याने कशापासून सावध राहावं. हे प्रकरण परीक्षकांनी बाकीच्या प्रकरणांइतक्याच गंभीरपणे तपासावं आणि नोंद जाहीर होईल तेव्हा त्यावर या विद्यार्थ्याचं नाव लेखक म्हणून असावं. पुढच्या विद्यार्थ्याला निदान एका जागी कळेल की १९९३ च्या ऑगस्टमधला तो विचित्र आकडा खरा की बाटलीला भेग होती. कामाला महिना-दोन महिने लागतील. त्यासाठी कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही, विद्यापीठाच्या विद्वत्सभेचा एक ठराव पुरतो. असा ठराव ज्या संस्थेत अजून झालेला नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो लेखी मागून घ्यावा.